विद्यार्थ्यांचा अनध्याय

विद्यार्थ्यांच्या वेळेविषयी हल्ली दोन परस्परविरुद्ध मते ऐकू येतात, आणि मौज अशी की पुष्कळदा ती एकाच गृहस्थाच्या तोंडून एकाच बैठकीत ऐकू येतात. पहिले मत असे की, महाविद्यालयातील मुलांस कामधाम असे काही उरलेलेच नाही. दिवसाकाठी तीन-चार तासिका आटोपल्या की ती मोकळी, आणि मग चहाची टपरी, मोबाइल व गप्पा यांत त्यांचा दिवस सरतो. दुसरे मत असे की, हल्लीच्या मुलांस श्वास घेण्याचीही फुरसत नाही. चाचण्या, प्रकल्प, सादरीकरणे आणि वर्षातून दोन वेळा परीक्षा यांखाली ती पार दडपून गेली आहेत. पहिले मत सामान्यतः शेजाऱ्याच्या मुलाविषयी असते व दुसरे स्वतःच्या, असे म्हणून हा विषय हसण्यावारी नेता येईल. परंतु ज्यांचे सारे आयुष्य विद्यार्थ्यांच्या सहवासात गेले त्या आम्हां अध्यापकांस तसे करून चालणार नाही. विद्यार्थ्यास मोकळा वेळ किती असतो, तो किती असावा, आणि मुळात तो कशासाठी असावा, या तीन प्रश्नांची निरनिराळी उत्तरे शोधल्याशिवाय या दोन मतांचा निवाडा होणे शक्य नाही.

हा निवाडा करण्यास आजच्यासारखा दुसरा प्रसंग नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. तेव्हापासून विद्यार्थ्याचा वेळ हा केवळ त्याचा किंवा त्याच्या आईबापांचा खाजगी प्रश्न राहिलेला नाही. तो सरकारी हिशेबाच्या वहीत दाखल झाला आहे. या हिशेबाचे नाणे म्हणजे श्रेयांक, ज्यास विद्यार्थी सरसकट ‘क्रेडिट’ म्हणतात. सत्राला २०, वर्षाला ४०, तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या पदवीस किमान १६०, अशी ही गणना आहे. वर्गातील अध्यापनाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. आणि २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे वर्गातला, वर्गाबाहेरचा, सारा अभ्यास जमेस धरला तर वर्षाला १२०० तासांचे अध्ययन अपेक्षित आहे.

आता हा आकडा आपण साध्या त्रैराशिकाने तपासून पाहू. अध्यापनाचे वर्ष ३० आठवड्यांचे धरले तर १२०० तासांचे आठवड्यास ४० तास होतात. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यांतून रोज आठ तास झोपेचे, म्हणजे ५६, वजा केले. स्नान, जेवण व इतर नित्यकर्मांचे रोज तीन तास, म्हणजे २१, वजा केले. आणि अध्ययनाचे ४० वजा केले, तर बाकी ५१ उरते. दिवसाला सात तासांहून थोडे अधिकच! कागदावर पाहता ही चैन आहे. युरोपातील विद्यापीठांत वर्षाच्या ६० श्रेयांकांसाठी १५०० ते १८०० तास अपेक्षिले जातात. त्यांच्या मानाने आमचा विद्यार्थी भाग्यवानच म्हणावयाचा. टपरीवरील गप्पांविषयी तक्रार करणाऱ्या गृहस्थाचे म्हणणे गणिताने सिद्ध झाले, असे क्षणभर वाटते.

परंतु या गणितातील विद्यार्थी वसतिगृहात राहतो, महाविद्यालयाच्या फाटकापाशीच त्याची खोली आहे, आणि दरमहा त्याच्या घरून पैसे येतात. त्याच्याऐवजी दुसरा विद्यार्थी घ्या. समजा, तो तालुक्याच्या गावी एस.टी.ने जातो-येतो व थांब्यावर वाट पाहण्यासह त्यात त्याचे रोज दोन तास मोडतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १२ तास झाले. समजा, संध्याकाळी तो एखाद्या दुकानात चार तास उभा राहतो किंवा दुचाकीवरून घरोघर जेवणाचे डबे पोचवितो. ते २४ तास झाले. ५१ मधून ३६ वजा जाता १५ उरले. आणि समजा, तिसरी विद्यार्थिनी आहे. ती नोकरी करीत नाही, पण पहाटे पाणी भरून व भाकऱ्या थापून बस गाठते, आणि परत आल्यावर पुन्हा चुलीपुढे बसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातील बिनमोली कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे व पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो, असे आढळले आहे. ही पाहणी केवळ विद्यार्थिनींची नव्हे, हे खरे. परंतु घरातील सून व सासू ज्या तराजूत तोलल्या जातात त्यातून मुलगी महाविद्यालयात नाव घातल्याने सुटते, असे कोणी म्हणेल काय? तिचे रोजचे तीन तास जरी या कामी गेले तरी ते २१ होतात, आणि बसचे १२ मिळविले की ५१ मधून १८ राहतात. हे १८ तासही सलग नसतात. दूध उतू जाईल म्हणून लक्ष ठेवता ठेवता मिळालेली दहा-दहा मिनिटे जोडून ते बनलेले असतात.

तेव्हा ‘विद्यार्थ्यास मोकळा वेळ किती’ या प्रश्नास एक उत्तर नाही. ५१ तास हे एक उत्तर आहे, १५ हे दुसरे, आणि या तिघांच्या तासांची सरासरी काढून ‘अमुक तास’ असे सांगणे म्हणजे एकाचा ताटभर भात व दुसऱ्याचे उपाशी पोट यांची सरासरी काढून दोघेही अर्धपोटी जेवले असे म्हणण्यापैकी आहे. श्रेयांकाच्या आराखड्यात वेळ सर्वांस सारखा आहे असे गृहीत धरले आहे. विद्यार्थ्यांच्या आयुष्यात मात्र जात, लिंग, गाव आणि बापाचा सातबारा यांप्रमाणे तो वाटला गेलेला आहे. या लेखात आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते याच भेदाभोवती फिरते.

आता हा वेळ कशासाठी असावा ते पाहू. आपल्या भाषेत ‘रिकामा’ व ‘मोकळा’ असे दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत. रिकामी घागर म्हणजे जिच्यात काही नाही ती. मोकळे रान म्हणजे जेथे कोणी अडवीत नाही ते. रिकाम्या घागरीत काहीतरी भरावे असे पाहणाऱ्यास वाटते. मोकळे रान भरून टाकावे असे शहाण्या माणसास वाटत नाही. विद्यार्थ्याचा वेळ हा रिकामा आहे असे एकदा ठरविले की तो भरण्याच्या योजना आपोआप सुचू लागतात. तो मोकळा आहे असे मानले तर तो राखण्याची जबाबदारी अंगावर येते. आजच्या शिक्षणव्यवस्थेने, आमच्या मते, पहिला शब्द उचलला आहे.

जुन्या परंपरेस हा भेद कळत होता. धर्मशास्त्रकारांनी ‘अनध्याय’ म्हणून अध्ययनाच्या सुट्टीचे एक मोठे प्रकरण रचले आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात त्याची लांबलचक यादी सापडते: अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी या तिथी तर झाल्याच, पण मेघगर्जना झाली, धुळीचे वादळ उठले, कोल्हे ओरडू लागले तरी पठण थांबवावे. यांमागील कारणे धार्मिक होती व ती आज कोणास पटणार नाहीत. तथापि अध्ययनाचा काळ हा मधूनमधून खंडित असलाच पाहिजे, व तो खंड अध्ययनाच्या नियमांतच सांगितला पाहिजे, हा त्यामागील व्यवहार शहाणपणाचा होता. परंपरेने सांगितलेला आणखी एक हिशेब प्रसिद्ध आहे. विद्येचा एक चतुर्थांश गुरूकडून मिळतो, एक चतुर्थांश स्वतःच्या बुद्धीने, एक चतुर्थांश सहाध्यायांकडून, व उरलेला कालांतराने. म्हणजे चार आण्यांची विद्या वर्गात, आणि बारा आण्यांची वर्गाबाहेर! श्रेयांकवाल्यांनी हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा. वर्गाबाहेरचे तास त्यांच्या वहीत नाहीत असे नाही. पण ते नेमलेल्या पाठाच्या तयारीचे तास आहेत. स्वतःशी विचार करण्याचे, मित्रांशी भांडण्याचे व नुसते पिकत पडण्याचे तास कोणत्याही वहीत मांडता येत नाहीत, आणि बारा आणे तर तेथेच आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अनध्यायाचे इतके बारीक नियम करणाऱ्या त्याच ग्रंथाने शूद्रांस व स्त्रियांस अध्ययनाचाच अधिकार नाकारला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्याचे दहन झाले ते उगीच नव्हे. ज्यास अध्ययन नाही त्यास अनध्याय कसला? त्याच्या वाट्यास केवळ काम होते. मोकळ्या वेळेचा इतिहास हा आरंभापासून अशा रीतीने दुहेरी आहे, आणि त्याची एकच बाजू सांगणारा मनुष्य निम्मे सत्य सांगतो.

पश्चिमेकडेही याहून निराळे नव्हते. शाळेस इंग्रजीत जो शब्द आहे तो ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ ‘फुरसत’ असा आहे. आणि ती फुरसत गुलामांच्या श्रमावर उभी होती. एकोणिसाव्या शतकात कार्डिनल न्यूमनने विद्यापीठाच्या कल्पनेवर १८५२ साली जी व्याख्याने दिली त्यांत एक धाडसी मत मांडले आहे. एका बाजूस केवळ परीक्षा घेऊन पदव्या वाटणारे विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूस परीक्षा वा अध्यापक नसताना तरुणांस तीन-चार वर्षे नुसते एकत्र ठेवणारे विद्यापीठ, यांतून निवड करावयाची झाली तर आपण दुसरे पत्करू, असे तो म्हणतो. हे मत आज सांगितले तर कोणत्याही विद्यापीठाच्या सभेत हशा पिकेल. परंतु आमच्याच प्रांताचा इतिहास न्यूमनच्या बाजूने साक्ष देण्यास उभा आहे.

डेक्कन महाविद्यालयात शिरल्यावर टिळकांनी पहिले वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यात घालविले व त्या वर्षी अभ्यास मागे पडू दिला, ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून सर्वांस ठाऊक आहे. आजच्या पद्धतीत ७५ टक्के उपस्थितीचा नियम व अंतर्गत चाचण्यांचे गुण यांनी त्यांस दुसऱ्याच महिन्यात कार्यालयात बोलावून घेतले असते. १८७९ च्या सुमारास त्याच महाविद्यालयात टिळक व आगरकर यांच्या रात्र-रात्र चर्चा चालत. देशास शिक्षण कसे द्यावे, सरकारी नोकरी करावी की करू नये, हे त्या चर्चांचे विषय असत. त्यांस कोणी विषय नेमून दिले नव्हते आणि शेवटी गुणही दिले नाहीत. २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. या सर्वांचे मूळ पाठ्यपुस्तकांत जितके आहे त्याहून त्या बिनहिशेबी रात्रींत अधिक आहे. आगरकर त्या वेळी अत्यंत गरिबीत शिकत होते, हेही विसरता कामा नये. त्यांची ती फुरसत सुखवस्तूची नव्हती, तर पोटाला चिमटा घेऊन राखलेली होती.

याचा अर्थ मोकळा वेळ मिळाला की प्रत्येकातून आगरकर निपजेल असा नव्हे. बहुतेकांतून आपल्यासारखी सामान्य माणसेच निपजणार. परंतु सामान्य माणसासही स्वतःचे असे एखादे मत, एखादी आवड, एखादा जन्मभराचा स्नेह मिळावयाचा तर तो याच वयात व याच वेळेत मिळतो. वेळ न मिळाल्यास काय होते, हेही आमच्या पूर्वजांनी पाहिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यायमूर्ती रानडे यांनी पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचा विचार करून विद्यापीठाच्या अभ्यासाच्या भाराकडे लक्ष वेधले होते. तेव्हाच्या जाणत्या माणसांची चिंता विद्यार्थ्यांस वेळ फार आहे ही नव्हती, तर फार थोडा आहे ही होती.

आता साहित्याकडे वळू. कारण समाज ज्या गोष्टी अहवालांत लिहीत नाही त्या कथा-कादंबऱ्यांत लिहून ठेवतो. विद्यार्थ्याचा मोकळा वेळ मराठी कादंबरीत प्रथम डौलाने अवतरला तो प्रा. ना. सी. फडके यांच्या लेखणीतून. त्यांचे तरुण नायक देखणे, नीटनेटके, खेळात तरबेज आणि बोलण्यात चतुर. त्यांस प्रेम करण्यास भरपूर सवड आहे. ही सवड आली कोठून, असा प्रश्न मात्र त्या कादंबरीस कधी पडत नाही. शुल्क कोणी भरले, खानावळीचे पैसे कोठून आले, गावाकडे पाऊस पडला की नाही, या चिंता त्या जगाच्या वेशीबाहेर थांबतात. त्या काळच्या असंख्य वाचकांनी ती कादंबरी आवडीने वाचली, आणि त्यांत स्वतः अशी सवड कधीच न मिळालेले वाचक पुष्कळ असतील. स्वप्न विकणे हा साहित्याचा गुन्हा नव्हे. पण ते स्वप्न म्हणून ओळखणे हे टीकेचे काम आहे.

१९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि या सवडीचे दुसरे अंग दिसले. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहात राहतो, स्नेहसंमेलन व खानावळ यांच्या कारभारात पडतो, मित्रांबरोबर भटकतो, पैसे बुडवितो, परीक्षेत आपटतो व अखेर गावी परततो. उद्योगी मनुष्याच्या दृष्टीने ही वेळेच्या नासाडीची जंत्रीच आहे. परंतु मनःपूर्वक वाचणारास दोन गोष्टी दिसल्यावाचून राहत नाहीत. एक, पांडुरंग ज्या तासांत काहीच करीत नाही असे दिसते त्याच तासांत तो आपल्या भोवतालच्या ढोंगास नाव देण्याइतकी भाषा मिळवितो. ती भाषा त्यास कोणत्याही तासिकेत मिळाली नसती. दुसरी, हा वेळ फुकटचा नाही याची त्यास टोचणी आहे. बापाने धाडलेला पैसा त्याच्या प्रत्येक चैनीच्या मागे उभा असतो. फडक्यांच्या नायकाच्या सवडीस किंमत नव्हती. सांगवीकराच्या सवडीस आहे, आणि ती कोणीतरी शेतात राबून भरीत आहे, हे ‘कोसला’ला ठाऊक आहे. आमच्या मते या कादंबरीचा खरेपणा तिच्या भाषेच्या नवेपणाइतकाच या जाणिवेतही आहे.

तरीही सांगवीकराचा बाप पैसे धाडू शकत होता. ज्याचा बाप तेही करू शकत नाही त्याची हकीकत कादंबरीने नव्हे तर आत्मकथनांनी सांगितली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) हे कैकाडी कुटुंबातील शिकणाऱ्या मुलाचे आत्मकथन. तेथे पोटामागची भटकंती आधी, आणि तिच्यातून ओरबाडून घेतलेले शिक्षण नंतर. एखाद्या चांगल्या वाचकाने फडके, नेमाडे व माने ही तीन नावे ओळीने ठेवून वाचावी. शिक्षणास लागणारी सवड महाराष्ट्रात कोणास वारशाने मिळाली, कोणास बापाच्या घामातून मिळाली व कोणास मिळालीच नाही, हे त्यास कोणत्याही तक्त्यावाचून समजेल.

या अभावाची जाण ज्यांस होती त्यांनी नुसते उपदेश केले नाहीत, संस्था काढल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. ‘कमवा व शिका’ हे त्यांचे सूत्र होते. गरीब मुलास काम करावे लागणारच, तर ते काम त्याच्या शिक्षणाच्या आवारात आणावे, म्हणजे कामाच्या पायी शिक्षण सुटणार नाही, अशी ती योजना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले ते सकाळच्या वेळी वर्ग भरवून, की दिवसा नोकरी करणाऱ्यास शिकता यावे. पुढे १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, त्याच संस्थेचे मिलिंद महाविद्यालय वसतिगृहासह उभे राहिले. त्या आवारातून दलित साहित्याच्या चळवळीस कितीतरी लेखक मिळाले. ‘अस्मितादर्श’ चालविणारे डॉ. गंगाधर पानतावणे हे तेथेच अध्यापक होते. डेक्कन महाविद्यालयातील रात्रींनी जे एका वर्गास दिले तेच वसतिगृहातील रात्रींनी दुसऱ्या वर्गास दिले. मोकळा वेळ ही उच्चवर्णीयांची चैन आहे, ती मोडून काढावी, असे ज्यांस वाटते त्यांनी मिलिंदकडे पाहावे. ज्यांच्या पूर्वजांस शतकानुशतके तो मिळाला नव्हता त्यांच्या हाती तो आला, तेव्हा एका पिढीत मराठी साहित्याची सीमा हलली.

या पार्श्वभूमीवर नव्या आराखड्याचे मूल्यमापन केले पाहिजे. त्यात चांगले पुष्कळ आहे. शाखांच्या भिंती त्याने खाली आणल्या, अध्ययन मध्येच सोडून पुन्हा येण्याची वाट ठेवली, क्षेत्रकार्य व प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास मान दिला. आमचा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. पहिली गोष्ट तुकड्यांची. सत्राचे २० श्रेयांक दोन-दोन, चार-चारांच्या विषयांत वाटले की सहा-आठ विषय सहज होतात, आणि प्रत्येक विषयास अंतर्गत परीक्षण व सत्रान्त परीक्षा आली की पंधरवड्यामागून पंधरवडा कोणती ना कोणती चाचणी उभीच असते. वार्षिक परीक्षेचे दोष आम्ही जाणतो. परंतु तिने जून ते डिसेंबर एक सलग मोकळीक दिली होती, आणि जाड पुस्तक वाचावयास, पोहणे शिकावयास किंवा एखाद्या मित्राशी वर्षभर वाद घालावयास सलगच वेळ लागतो. तासांची बेरीज तीच राहून वेळ नष्ट होऊ शकतो, हे शंभराच्या नोटेची चिल्लर करून रस्त्यावर सांडणारासही सांगावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आमच्या राज्याच्या रचनेत राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा, योग, सांस्कृतिक कार्य यांनाही सहशैक्षणिक विषय म्हणून श्रेयांक दिले आहेत. हेतू स्तुत्य आहे. या कार्यांची प्रतिष्ठा वाढावी असा तो आहे. परंतु जे मनुष्य आपखुशीने करतो त्याचा मोबदला ठरविला की त्याचे रूपच पालटते. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. तिच्यासाठी महाविद्यालयांतील मुले तासिका संपल्यावर, कधी कधी रात्री उशिरापर्यंत, तालमी करीत आली. त्यांतून मराठी रंगभूमीस नट, लेखक व दिग्दर्शक मिळाले. त्या तालमींस कोणी हजेरी घेतली नाही, म्हणून तर त्यांस कोणी चुकले नाही! ज्या दिवशी नाटकाचे दोन श्रेयांक होतील त्या दिवशी नाटक न आवडणारा विद्यार्थी नाटकात येईल, आणि आवडणारा विद्यार्थी ते संपले की प्रमाणपत्र घेऊन घरी जाईल. मोकळे रान मोजून त्याचे सातबारे केले की त्यात पीक येईल, पण त्यात पोरे खेळावयाची नाहीत.

यावर एक मोठा आक्षेप येईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘तुम्ही टिळक-आगरकरांच्या रात्री सांगता, आजच्या मुलाच्या हाती मोबाइल आहे. त्यास मोकळा वेळ दिला तर तो वेळ त्याला मिळतच नाही, त्या यंत्रातून बोलणाऱ्या कंपन्यांस मिळतो.’ हा आक्षेप बव्हंशी खरा आहे. एखाद्याचे लक्ष विकून पैसा करण्याचा धंदा यापूर्वी इतका पटाईत कधी नव्हता. परंतु यातून निष्कर्ष कोणता काढावयाचा? मुलाचा वेळ चोरीस जातो म्हणून तो आधीच जप्त करावा, हा न्याय आम्हांस पटत नाही. आणखी असे की, जो विद्यार्थी पाच विषयांच्या टाचणांनी थकून, दोन तास बसमध्ये उभा राहून घरी येतो तोच अंथरुणावर पडल्यापडल्या ते यंत्र अधिक उघडतो. तुकड्यातुकड्यांनी मिळालेल्या वेळेस तुकड्यातुकड्यांची करमणूकच योग्य असते. जेथे ग्रंथालय रात्री उघडे आहे, मैदानावर दिवा आहे, तालमीस खोली आहे आणि बरोबर बोलावयास चार मित्र आहेत, तेथे मोबाइल खिशात जातो, असा आमचा अध्यापनातील अनुभव आहे.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने वेळापत्रक करताना बसने येणारांच्या तासिका सलग लावाव्या. सकाळी एक व दुपारी एक तासिका ठेवून मधले चार तास झाडाखाली घालविण्यास लावणे ही वेळेची सरळ लूट आहे. आठवड्यातून एक दुपार अशी राखावी की जिच्यात तासिका, चाचणी, व्याख्यानमाला, काहीही ठेवण्यास मनाई असेल. तिचे नाव खुशाल ‘अनध्याय’ ठेवावे. अंतर्गत परीक्षणांची संख्या सर्व विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून मोजावी. आज प्रत्येक जण आपली एकच चाचणी घेतो, आणि त्या एकाच विद्यार्थ्यावर आठ होऊन पडतात. ग्रंथालये व अभ्यासिका रात्री उघड्या ठेवाव्या व विद्यार्थिनींस तेथून सुखरूप परतण्याची सोय करावी. मुलींची वसतिगृहे वाढवावी. मुलीस चुलीपासून दूर एक खोली मिळणे याहून मोठी शिष्यवृत्ती नाही. आणि ‘कमवा व शिका’सारख्या योजनांतील कामाचे तास आवारातच व मर्यादित असावे, त्यांचा मोबदला वेळेवर मिळावा, म्हणजे गरजू विद्यार्थ्यास रात्री अकरापर्यंत दुचाकीवर हिंडावे लागणार नाही. या सूचनांपैकी अर्ध्याअधिक सूचनांस नवा पैसा लागत नाही. फक्त विद्यार्थ्याचा वेळ हा त्याचा आहे, आमचा नाही, एवढे मान्य करावे लागते.

आमच्या पेशाच्या माणसांस हे मान्य करणे जड जाते, हे आम्ही जाणतो. प्रत्येक अध्यापकास आपला विषय प्राणाहून प्रिय असतो व विद्यार्थ्याचा एखादा तास रिकामा दिसला की तो आपल्या विषयाने भरावा असे त्यास वाटते. हे प्रेमच आहे. पण चौघांच्या अशा प्रेमाने मूल गुदमरते. चार आण्यांची विद्या देण्याचे काम आमचे आहे. ते आम्ही चोख करावे. उरलेल्या बारा आण्यांवर हक्क सांगू नये. आणि ज्या विद्यार्थ्यांस ते बारा आणे पोटापाण्याच्या पायी कधी मिळतच नाहीत त्यांना ते मिळवून देण्यासाठी मात्र आम्ही अवश्य भांडावे. वर्गात शेवटच्या बाकावर डोळे मिटून बसलेला मुलगा आळशी आहे की काल रात्री बारापर्यंत दुसऱ्यांचे जेवण वाहून थकलेला आहे, हे त्यास रागावण्यापूर्वी विचारावे, एवढ्यापासून आरंभ करता येईल.